उजवीकडचा खिसा

निपाणी,
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९४५

प्रिय रवळू,

या पत्राबरोबर, रजा संपवून परत निघालेल्या तुझ्या मित्राच्या, भावकूच्या हाती एक गाठोडं पाठवते आहे. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते सोडायचं नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून आधीच बजावते. गाठ अगदी सैल मारली आहे, एक टोक ओढलं की सुटेल, पण म्हणून लगेच ओढू नकोस. आक्काचं एवढं तरी ऐक. बाकी कधी ऐकलं नाहीस ते नाहीसच.

तुझं पत्र गणपतीच्या आधीच मिळालं. साडेचार ओळी. पुण्यात एका गोदामावर पहारेकऱ्याची जागा मिळते आहे, दिवाळीला येणार नाही, पुढेही येणं होईलसं वाटत नाही, दुकानाचं तुम्ही बघा. कारण एक नाही. आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. खाली नाव तेवढं तुझं, पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढावं तसं वाकडंतिकडं. बोटाला काच लागली म्हणून शेजारच्याकडून लिहून घेतलं म्हणे. बरं, लागली असेल. लढाई संपली, गावोगावचे गडी घरी यायला लागले, आणि आमचा रवळू शिंपी गोदामाच्या दारात काठी घेऊन उभा राहणार. आप्पांना मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ‘पुन्हा वाच’ म्हटलं. पुन्हा वाचलं. मग ते उठून मागच्या दारी गेले. मला तुझा संताप संताप आला रे. पण आज भांडायला बसलेली नाही. भांडण समोरासमोर करीन, तेव्हा मजा येईल. आज मला तुझे आभार मानायचे आहेत. सात वर्षं राहूनच गेले आहेत.

मी कपाळ पांढरं करून या घरी परत आले तेव्हा तू अठरा वर्षांचा होतास. येणारी-जाणारी प्रत्येक बाई माझ्यापाशी बसून डोळे पुसून जायची. आप्पा माझ्याकडे बघायचेच नाहीत, बघितलं की त्यांना भरून यायचं. तू मात्र तिसऱ्या दिवशी आलास, माझ्या मांडीवर एक फाटकं धोतर टाकलंस, सुई दिलीस आणि म्हणालास, “रडायचं असंल तर रड गं आक्का, पर हातात काय तरी घिऊन रड.” असं कुणी बोलतं का दुःखातल्या माणसाशी? मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि धोतर शिवायला घेतलं. पुढे कळलं की ते धोतर फाटलेलं नव्हतंच. मला शिकवायला म्हणून तू आप्पांच्या चांगल्या धोतराला कात्रीनं भोक पाडलं होतंस आणि उंदरानं कुरतडलं म्हणून सांगितलं होतंस. बिचाऱ्या आप्पांनी तीन दिवस पिंजरा लावला. रोज सकाळी रिकामा पिंजरा बघून ते उंदराच्या हुशारीचं कौतुक करत, आणि तू खाली मान घालून काजं करत बसायचास. त्या तीन दिवसांत मी पहिल्यांदा हसले. हे तुला मी कधी सांगितलं नाही.

बाजारच्या दिवशी आप्पा बाहेर गेले की तू मला मशीनवर बसवायचास. म्हणायचास, रफूला बाहेरचा दोरा घ्यायचा नाही, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरा ओढून काढायचा, म्हणजे रंगही जुळतो आणि जुनेपणही. झाल्यावर डोळे मिटून वरून हात फिरवायचा. बोट अडखळलं तर उसवायचं. किती वेळा उसवायला लावलंस! एकदा मी रागानं सुई फेकली, ती तू तासभर शोधलीस, कारण घरात तेवढी एकच बारीक सुई होती. सुई टोचू नये म्हणून बोटाला अंगुस्तान घालायला मात्र मी शिकलेच नाही. आजोबांचं ते पितळी अंगुस्तान तुझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात असं बसलेलं असायचं की जेवतानाही काढायचं विसरायचास.

मग बेचाळीस साली आप्पांचं आणि तुझं वाजलं आणि तू पलटणीचा शिंपी म्हणून निघून गेलास. कोण काय बोललं ते आता उगाळत नाही. दोघेही सारखेच, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तुझा तपकिरी कोट, तू स्वतः बेतून शिवलेला पहिला कोट, खुंटीला राहिला. आप्पा तुझं नाव घेत नसत, पण कोटावर धूळ बसली की माझ्यावर ओरडत. त्यातच काय ते समज.

तू गेल्यावर वर्षभरात कापड दिसेनासं झालं. कंट्रोल आलं. रेशनच्या दुकानापुढे सकाळपासून रांग लागायची, आणि एवढं उभं राहून मिळायचं ते कापड असं की पलीकडचा माणूस दिसावा. नवं शिवायला कोण येणार? आप्पा रोज मशीनला तेल घालायचे आणि पुसून ठेवायचे. मी एक दिवस आप्पांना म्हटलं, नवं नाही तर जुनं शिवू. ते म्हणाले, “आपून शिंपी हाय, बोहारी न्हाय.” आणखी चार दिवस नुसतं तेलच घालत राहिले. पाचव्या दिवशी तंबाखूच्या वखारीतल्या दोघी बायका माझ्याकडे मागच्या दारानं आल्या. त्यांची लुगडी मधोमध विरली होती आणि दोन्ही टोकं धड होती. मी मधला भाग काढून टाकला, टोकं जोडून दंड घातला, आणि काढलेल्या भागातून जेवढं धड निघालं त्याची एकीच्या नातवाला कुंची शिवली. त्या लुगड्यांत तंबाखू इतकी मुरलेली होती की मी शिंकत शिंकत शिवत होते, आणि दर शिंकेला सुई बोटात. दुसऱ्या दिवशी आठजणी आल्या. आप्पा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, दंड जरा बारीक घाल, कमरेला टोचेल. रवळू, तो त्यांचा होकार होता.

तेव्हापासून आपलं दुकान जुन्यावर चाललं आहे. झिजलेल्या कॉलरी उलटून लावते. धोतर-पंच्यांतून झबली काढते. बापाच्या कोटातून लेकाचा कोट, लेकाच्या कोटातून टोपी, आणि टोपीतूनही उरलं तर गरम भांडं धरायचं फडकं. पूर्वी माझं मन म्हणायचं, विटलेल्या गोष्टीला कोण विचारतं. आता कुणी फाटकं घेऊन आलं की मला आधी त्यातली धड जागा दिसते. ही नजर तू दिलीस. माझ्या पोटाला अन्न आणि आप्पांच्या दुकानाला दिवा गेली दोन वर्षं मिळतो आहे तो त्या उंदरानं कुरतडलेल्या धोतरामुळे.

आता माझ्या फजितीची गोष्ट ऐक. बोरगावचे तवनाप्पा अण्णा तुला आठवतात ना, तंबाखूचे व्यापारी, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलणारे? त्यांचा काळा लोकरी कोट बाहेरून रंग उडून राखेसारखा झाला होता. पुतणीचं लग्न ठरत होतं आणि नवा कोट मिळायचा नव्हता. मी म्हटलं, उलटून देते. सगळा कोट उसवायचा, आतली बाजू बाहेर घ्यायची, पुन्हा जोडायचा. आतला रंग उन्हाला लागलेला नसतो, कोट नव्यासारखा दिसतो. तू शर्टाची कॉलर उलटायला शिकवली होतीस, कोट कधी नाही. म्हटलं, काय, तेच मोठं करायचं! पंधरा दिवस खपले. कोट असा काळाभोर झाला की आप्पासुद्धा दारात नेऊन बघत राहिले. अण्णा तो घालून गेले. दोन्हीकडची माणसं बसलेली, पत्रिकेचा मसुदा वाचायचा होता, आणि निघताना घरच्यांनी खिशात घालून दिलेल्या चष्म्यासाठी अण्णांनी उजवा हात डाव्या छातीवर नेला. तिथे खिसाच नाही! छाती चाचपली, थोपटली, चष्मा हरवला म्हणून हाकाटी झाली, घरभर बायका-माणसं शोधायला लागली. शेवटी होणाऱ्या व्याह्यांनी त्यांच्या उजव्या छातीवर बोट ठेवलं. कापड उलटलं की डावीकडचं उजवीकडे जातं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. बटणंसुद्धा बायकांच्या पोलक्यासारखी उलटी लागत होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात आले तेव्हा मी मशीनच्या मागे लपले, खरं सांगते. त्यांनी मला पुढे बोलावलं. आता काय ऐकावं लागतं म्हणून मी पदराचं टोक पिळत उभी, आणि ते म्हणाले, “जयाक्का, कोट लई ब्येस झालाय गं. पर ह्यो डावखुऱ्या माणसाचा झालाय. माझा उजवा हात तितं वळंना, आनि डाव्याला सवय न्हाय.” आणि स्वतःच पोट धरून हसले. वर आप्पांना म्हणाले, “जोतिबा, पोरीला फुडं बसू दे. मागं बसून चुका केल्या तर दिसत्यात कुणाला?” त्या दिवसापासून मी दुकानात पुढे बसते. लोकांनी चार दिवस तोंडं वाकडी केली आणि पाचव्या दिवशी आपापले फाटके सदरे घेऊन आले. अण्णांचा कोट मी दुरुस्त करून दिला. जुना खिसा रफू करून बुजवला, डावीकडे नवा कापला, काजं बुजवून पलीकडे पाडली. त्यानंतर अकरा कोट उलटले. एकाचाही खिसा चुकला नाही. आता कोट उलटलेला आहे हे कुणी डोळे मिटून हात फिरवला तरी कळत नाही.

एवढं सगळं करते, पण एक गोष्ट मला येत नाही. बेतणं. जुन्याचं मी काहीही करीन, त्याला मूळचा आकार असतो, त्याच्या मागे मागे जायचं. पण कोरं कापड समोर पसरलं की मला घाम फुटतो. कुठे रेघ मारायची, शिवणीसाठी कुठे माया ठेवायची, माणसाचा उतरता खांदा कापडात कसा आणायचा, हे आप्पांच्या नजरेत होतं आणि तुझ्या नजरेत आहे. आप्पांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला आहे. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याच बोटाजवळून कात्री नेली. तेव्हापासून कात्री त्यांनी आपण होऊन पेटीत ठेवली आहे. आज ना उद्या कापड सुटेल. लोक नवं घेऊन येतील, आणि निपाणीतल्या या दुकानात ते बेतायला कुणी नसेल. तू लिहिलंस दुकानाचं तुम्ही बघा. काय बघू, सांग ना.

गौरी-गणपतीत भावकू रजेवर आला, खानापूरकडे घरी जाता जाता आपल्याकडे उतरला. तुझा मित्र म्हणून मला त्याचं केवढं कौतुक. त्यानं तू खुशाल आहेस असं दोनदा सांगितलं आणि खिशातून पुरचुंडी काढून दिली. आत आजोबांचं अंगुस्तान. म्हटलं, हे का पाठवलं? म्हणाला, “घरात ऱ्हाऊ दे म्हनाला.” मी जास्त विचारलं नाही. चहा दिला. दिवाळीला तुला सदरा शिवावा म्हणून शिंप्याच्या सवयीनं विचारलं, वाळलाय का रे तो, बाहीचं माप पूर्वीचंच ठेवू ना? एवढंच. त्यानं कप खाली ठेवला आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. पाठ हलत होती त्याची. त्याच्यावर रागावू नकोस रवळू, त्यानं तोंडातून अक्षर काढलं नाही. मी पण त्याच्या शेजारी जाऊन बसले, माझ्या उजव्या कोपराच्या वर बोट ठेवलं, मग कोपराच्या खाली ठेवलं, आणि खाली ठेवलं तेव्हा त्यानं ‘हो’ म्हणून मान हलवली.

तेव्हा, मला माहीत आहे. काच नाही, गोदाम नाही, काही नाही. उजवा हात नसलेल्या शिंप्यानं बापाच्या दुकानात कोणत्या तोंडानं जायचं, असं तुझ्या मनानं घेतलं आहे. मी दोन दिवस रडले. पण तूच सांगितलं होतंस ना, हातात काही तरी घेऊन रडायचं. मी खुंटीवरचा तुझा कोट काढला आणि उसवायला घेतला. तुझा एकेक टाका बघत होते. काखेत तू मारलेली खडूची रेघ अजून तशीच होती. महिनाभर पुरवून पुरवून काम केलं. बाहेरून विटला होता, आतून नवाकोरा निघाला. अस्तर माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचं घातलं आहे. सात वर्षं पेटीत घडी घालून ठेवलं होतं, आता त्याला ऊब तरी कळेल. उजवी बाही पूर्वीइतकीच लांब आहे. माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही हे तुझंच शिकवणं, तेव्हा तू आल्यावर, तुला विचारून, काय ते करू.

आप्पांना मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटीतून कात्री काढून बाहेर पडले, मला वाटलं विकायला निघाले. भिंतीला हात लावत लावत ते लोहाराकडे गेले होते, डाव्या हाताला चालेल अशी कात्री घडवून मिळेल का विचारायला. लोहार म्हणाला, ही वळवून उपयोग नाही, पाती उलटी बसवून नवीच करावी लागेल. दिवाळीपर्यंत देतो म्हणाला आहे. आप्पा रोज एक चक्कर टाकून विचारून येतात. दिवाळीला तुला घ्यायला मोटारीच्या अड्ड्यावरही तेच येणार आहेत, माझं ऐकत नाहीत. त्यांना आता लांबचं ओळखू येत नाही, तेव्हा कोल्हापूरची मोटार थांबली की तूच पुढे होऊन त्यांना हाक मार.

आता गाठोडं सोड आणि कोट अंगात घाल. बटणं उलटी लागतात, काजं मी हलवली नाहीत. खिसा उजवीकडे आला आहे, तोही मी बुजवला नाही. विसरले असं समजू नकोस, अकरा कोट नीट करून मग हा केला आहे. डावा हात उचल आणि खिशात घाल. बघ, सरळ आत जातो की नाही? आत शिंप्याचा खडू आहे. अंगुस्तान मी परत पाठवणार नाही, ते मी माझ्या बोटाला दोरा गुंडाळून घट्ट बसवून घेतलं आहे. तू रेघ मार, टाके मी घालते.

तुझीच,
जयाआक्का